सातबाऱ्यावरचा ‘अपाक’

तलाठी कार्यालयात एक दृश्य हमखास दिसतं. मिसरूड फुटलेला, आईपेक्षा हातभर उंच झालेला मुलगा टेबलापुढे उभा असतो. साहेब त्याच्याकडे बघून विचारतात, “नाव काय रे तुझं?” आणि उत्तर आई देते. शिक्षण किती, तेही तीच सांगते. जन्मतारीख तर तिला तोंडपाठ असते. मुलगा खिडकीबाहेर बघत राहतो. काम काय असतं? तर मुलगा सज्ञान झाला म्हणून सातबाऱ्यावरचा ‘अपाक’ शेरा कमी करून घ्यायचा!

ज्यांच्या घरावर ही वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगते. खातेदार वारला आणि वारसांत कुणी अठरा वर्षांखालचं असलं की त्या लेकराच्या नावापुढे सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ लागतं. अज्ञान पालक कर्ता. त्यापुढे पालकाचं नाव, बहुतेक वेळा आईचं. अठरा पूर्ण झाली की वयाचा पुरावा जोडून अर्ज करायचा, फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि शेरा निघतो. हल्ली ‘ई-हक्क’वरून ऑनलाइन अर्जही करता येतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात असे शेरे असलेले सातबारे थोडेथोडके नाहीत. का, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

कायद्याची भाषा मोठी गमतीची आहे. वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत पोरगं अज्ञान, सकाळी उठलं की सज्ञान. १८७५ सालच्या कायद्याने ही सोय करून ठेवली आहे. कागदाला ती चालते. घरात चालत नाही, आणि तरी आपण घरही त्याच कायद्याने चालवतो. सतरा वर्षं अकरा महिने त्याच्या वतीने आपण बोलायचं, आपण ठरवायचं, आपण सही करायची आणि मग एके दिवशी हात झटकायचे, “आता मोठा झालास, तुझं तू बघ.” मी शाळेत शिकवलं ती सगळी वर्षं दहावीची पोरं आणि त्यांचे आईबाप समोर बघितले. त्यावरून एवढं खात्रीने सांगते, की घरातला अपाक शेरा चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून थोडा थोडा पुसत आणावा लागतो. तो कसा पुसायचा, याबद्दल हा लेख.

एका रात्रीत मोठी झालेली माणसं

आपल्याकडच्या आईवडिलांना हे हळूहळूचं काम पटायला जड जातं. त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर, किल्लारीचा पट्टा भूकंपाने हादरला, तेव्हा जी मुलं चौदा-पंधरा वर्षांची होती ती आता पन्नाशीकडे झुकली आहेत आणि त्यांच्यातल्या कितीतरी घरांत आज तेवढ्याच वयाची लेकरं आहेत. त्यांतल्या काहींना त्या एका पहाटेने घरातलं कर्तं माणूस करून टाकलं. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त मुलं पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवली, वाढवली. पण मागे राहिलेल्यांनी ढिगाऱ्यावरच संसार मांडले. त्यांच्या आधीची पिढी बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत मोठी झाली. त्यामुळे “तुझ्या वयाचा असताना मी घर चालवत होतो” हे वाक्य इथे फुशारकीचं नसतं, खरं असतं.

पण त्या माणसांना एकदा निवांत विचारून बघा, तसं मोठं व्हायला बरं वाटलं होतं का. माझ्या एका शेजाऱ्यांना मी विचारलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, “व्हावं लागलं, बाई.”

आजच्या मुलांवर तशी पहाट येऊ नये, ही तर आपलीच धडपड. पण मग मोठं होण्याचे प्रसंग आपोआप येत नाहीत, ते मुद्दाम काढावे लागतात. आणि सतरा वर्षांचं पोर म्हणजे हुरड्यात आलेलं कणीस. आकार पूर्ण दिसतो, दाणा अजून दुधाळ असतो. मेंदूचा कपाळामागचा भाग, जो परिणामांचा विचार करतो, तो साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो असं शास्त्र सांगतं. म्हणून ते कधी चाळिशीतल्या माणसासारखं बोलतं आणि त्याच संध्याकाळी वाटीभर श्रीखंडावरून धाकट्या बहिणीशी भांडतं. दोन्ही खरंच असतं. त्यात नाटक नसतं.

पट्टी कुणाच्या हातात

सुरुवात पैशापासून करावी, कारण पैशात चूक लगेच दिसते आणि बहुतेकदा सुधारता येते.

चौदाव्या वर्षी आठवडी बाजाराची पिशवी आणि पैसे त्याच्या हातात द्या. यादी तुमची, भाव त्याने करायचा. पाच रुपये जास्त देऊन आला तर गावभर सांगू नका. पंधराव्या वर्षी बँकेत स्लिप त्याला भरू द्या. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नियम सुधारले आहेत. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. आपल्या शाखेत विचारून घ्या. शिष्यवृत्तीचे पैसे येतात त्या खात्याचं पासबुक आईच्या पेटीत कुलपात आणि मुलीला शिल्लकच ठाऊक नाही, असं मी फार बघितलं आहे.

सोळाव्या वर्षी सोयाबीन मोंढ्यावर न्याल तेव्हा त्याला किंवा तिला बरोबर घ्या. हो, मुलीलाही. अडत्याने दिलेली पट्टी तिला वाचू द्या : वजन किती लागलं, ओलाव्यापोटी काय कापलं, हमाली किती, तोलाई किती, हातात काय आलं. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. पट्टीवरचा भाव आणि हा आकडा यांची वजाबाकी तिने स्वतः करावी. शेती करायची की नाही, याचा विचार ती मग भाषणं ऐकून करणार नाही.

आता अवघड गोष्ट. कर्ज. पीककर्ज, सोनं गहाण, सावकार, बचत गट, जे असेल ते सोळा-सतराव्या वर्षी मुलांना सांगावं असं माझं मत आहे. यावर अनेक जण माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, लेकराच्या डोक्याला ताप कशाला. पण ताप आधीच असतो. पत्र्याच्या घरात रात्री दबक्या आवाजातलं बोलणं पोरं अंथरुणातून ऐकतात, आणि अर्धवट ऐकलेलं कर्ज खऱ्यापेक्षा नेहमी मोठं वाटतं. सांगताना आकडा सांगा, कुणाचं आहे ते सांगा, कधी आणि कसं फेडायचं ठरवलंय ते सांगा. “तुझ्या शिक्षणापायीच काढलंय” हे जोडू नका. ते खरं असलं तरी नको. त्या एका वाक्याने कर्ज तुमच्या नावावरून पोराच्या नावावर चढतं.

ज्या घरात वडिलांनी जीवन संपवलं आहे तिथे गोष्ट आणखी नाजूक. आया लपवतात. “हार्ट अटॅक आला होता” असं सांगतात. गाव मात्र सांगतंच, आणि वाईट शब्दांत सांगतं. ते गावाकडून कळण्याआधी आईकडून कळावं. आणि नातेवाइकांना हात जोडून विनंती, की तेराव्याला बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर दुखवट्याची टोपी ठेवून “आता घरातला बाप तूच” असं म्हणू नका. ते पोरगं ते वाक्य शब्दशः घेतं. शाळेत येणं बंद करतं, हसणं बंद करतं. त्याचा बाप गेलेला असतो, त्याचं बालपण तरी राहू द्या.

बोलण्याचंही पैशासारखंच. कुणी मुलाला प्रश्न विचारला की आपण गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजा. एसटीच्या खिडकीवर, शाळेच्या कार्यालयात, दवाखान्यात. पहिल्यांदा तो चुकीचं सांगेल, पुटपुटेल. सहाव्या वेळेला नीट सांगेल. दवाखान्यात तर सोळा वर्षांच्या मुलीला पाच मिनिटं डॉक्टरबाईंजवळ एकटी सोडून बाहेर थांबावं. जे ती तुमच्यादेखत सांगणार नाही ते तिथे सांगेल. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी समुपदेशन कुठे होतं, ते गावच्या आशाताईंना विचारा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात लपवून घरी आणतात आणि उकिरड्यावर टाकतात, हेही जाता जाता सांगून ठेवते. जेवल्यानंतर घेतली की मळमळ कमी होते.

लातूरची खोली

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे प्रश्न एकच असतो, लातूरला टाकायचं का? कळंब, उमरगा, लोहारा, सगळीकडून मुलं निघतात. शाहू, दयानंद या कॉलेजांची नावं आपल्या तोंडात देवळांसारखी बसली आहेत आणि ‘लातूर पॅटर्न’मधून खेड्यातली पुष्कळ मुलं डॉक्टर झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपण त्याकडे फक्त शिक्षण म्हणून बघतो. खरं तर पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाने घर सोडण्याचा तो प्रसंग असतो. त्याची तयारी फीच्या पावतीने होत नाही.

जाण्याआधीच्या मे महिन्यात तीन गोष्टी येतात का बघा. स्वतःचे कपडे धुणं, खिचडी किंवा पिठलं करणं, आणि रात्री ताप आला तर काय करायचं हे ठाऊक असणं. मुलग्यांच्या बाबतीत तिन्हींची बोंब असते. त्यात दोष त्यांचा नाही. आपण ताट पुढ्यात वाढतो आणि उचलतोही. महिन्याचे पैसे एकदम देऊन हिशेब ठेवायला लावा. तीन महिने गडबड होईल, मग बसेल. खोली बघायला जाल तेव्हा मुलाला पुढे करा, खोलीमालकाशी त्याला बोलू द्या. आणि खोलीत आणखी कोण राहतं ते बघा. अभ्यासाची पुस्तकं सगळीकडे सारखीच असतात, खोलीतली सोबत सारखी नसते.

फोन. इथे पालक सर्वांत जास्त चुकतात, मीही चुकले. लेक लातूरला असताना रविवारी तिचा फोन आला की माझा पहिला प्रश्न, “टेस्टला किती पडले?” काही महिन्यांनी तिचे रविवारचे फोन आखूड होत गेले. मग बंद झाले आणि “डोकं दुखतंय” असे निरोप मैत्रिणीच्या फोनवरून यायला लागले. मला कळायला वेळ लागला. नंतर घरात आम्ही ठरवलं, मार्क तिने स्वतः सांगितले तरच ऐकायचे. मी विचारायचं ते मेसमध्ये आज भाजी कसली होती, खोलीत पाणी येतं का, आणि आपली गाय व्याली हे सांगायचं. गायीच्या वासरापासून सुरू झालेलं बोलणं अर्ध्या तासाने आपोआप मार्कांवर यायचं. तेव्हा ती खरं सांगायची.

नीटच्या ७२० गुणांच्या परीक्षेला देशभरातून लाखो मुलं बसतात आणि सरकारी जागा त्या मानाने मूठभर. म्हणजे बहुसंख्य मुलांना, अभ्यास करूनही, जागा मिळणार नाही. ही गोष्ट निकालाच्या दिवशी नव्हे, अकरावीत प्रवेश घेतानाच घरात बोलून ठेवा. किती वेळा परीक्षा द्यायची? एकदा रिपीट की दोनदा? नाही जमलं तर काय? हे कागदावर लिहून ठेवलेलं बरं. पडायची वेळ आली तर खाली काहीतरी आहे, हे ठाऊक असलेलं मूल निर्धास्त चढतं.

खाली काय काय आहे, तेही नीट माहीत करून घ्या. तालुक्याचं आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, कृषी तंत्रनिकेतन. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात ना, पोलीस भरतीची? मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, गोळाफेक आणि वर लेखी परीक्षा. तोही मार्ग आहे. फक्त तोच एक धरून सत्ताविशीपर्यंत धावत राहणाऱ्यांची मला काळजी वाटते. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. देवीला जातो तेव्हा यापैकी एका ठिकाणी तास-दोन तास मुलाला घेऊन जायला कितीसा वेळ लागतो? आपण लाडू घेतो, कवड्यांची माळ घेतो आणि बस पकडतो.

आणि धोक्याची चिन्हं ओळखा. दसऱ्या-दिवाळीला घरी यायला टाळणं, रात्र रात्र न झोपणं किंवा दिवसभर झोपणं, आवडीच्या वस्तू मित्रांना वाटून टाकणं, “मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते” असं काही बोलून जाणं. असं काही दिसलं तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का रे?” विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने छातीवरचा दगड हलतो. मग उपदेश नको, ‘देवाने एवढं दिलंय’ नको. त्याला एकटं ठेवू नका; पुढची एसटी धरून जा आणि डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. शेतकऱ्याच्या घरात आणखी एक काम आजच करा. फवारणीचं औषध गोठ्याच्या कोनाड्यातून काढा आणि कुलपात ठेवा. तो एक क्षण टळला तर माणूस वाचतो, आणि कुलूप पुष्कळदा तेवढा वेळ देतं.

तिचा अठरावा

मुलींच्या बाबतीत अठरा या आकड्याचा अर्थ आपल्याकडे वेगळाच लावतात. मुलगा अठराचा झाला की त्याला मत देता येईल, गाडी चालवता येईल. मुलगी अठराची झाली की ‘आता कायद्याने करता येतं’. काय करता येतं, ते बोलायचीही गरज नसते. आणि पुष्कळ ठिकाणी तेवढाही धीर नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याची ही सरासरी आहे. मराठवाड्यात राहणाऱ्याने आपल्या गल्लीतली लग्नं मोजावीत.

आईबापांना नुसतं दोषी धरून यातलं काही हलत नाही. भूम, वाशी, कळंब, परंड्याकडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पंधरा वर्षांची लेक मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर नेली तर शाळा गेली, आणि पालावर सुरक्षित आहे असंही नाही. त्यात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी; उचल जोडीवर मिळते. मग लग्न हा सगळ्या प्रश्नांवरचा एकच तोडगा वाटतो. आणखी एक कारण रस्त्याचं. गावात दहावीपर्यंत शाळा असते. अकरावी आठ-दहा किलोमीटरवर. एसटीची एक फेरी रद्द होते आणि मुलीचं शिक्षण संपतं. माझ्या वर्गातल्या हुशार मुली नापास होऊन गळाल्या नाहीत, फाट्यावर गळाल्या.

म्हणून उपाय भरवशाचा आणि रस्त्याचा शोधायचा. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. फाट्यापर्यंत चार मुलींनी मिळून जायचं, सायकली घ्यायच्या, हे गावात चार घरांनी बसून ठरवता येतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. गाडी भरण्याआधी, म्हणजे ऑगस्टमध्येच, समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन चौकशी करा. दिवाळीत गेलात तर जागा भरलेल्या असतात. आजी जवळ राहत असेल तर आजीला एकटीला जबाबदार करू नका, शाळेतल्या एका बाईंचा नंबर मुलीला आणि आजीला द्या. माझ्याकडे असे फोन यायचे. बहुतेक वेळा काही घडलेलं नसायचं, रात्री लाइट गेलेली असायची आणि पोरगी घाबरलेली असायची. तेवढ्यावर वर्ष निघायचं.

पैशाची अडचण सांगणाऱ्यांनी हेही ऐकावं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. हुंड्याची उचल घेण्याआधी ही माफी विचारून बघायला हरकत नसावी.

आणि कुणाचं ठरलंच असेल, तर कायदाही माहीत असू द्या. मुलीला अठरा, मुलाला एकवीस. २००६ च्या बालविवाहविरोधी कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तो लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, हजर राहून साथ देणाऱ्यालाही लागू शकतो. गावात ग्रामसेवकाकडे तक्रार करता येते, १०९८ वर फोन करता येतो. मुलीलाच हा नंबर पाठ करून ठेवायला सांगा. मी सातवीच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवायचे.

सांगायला लाज वाटते ते

काही गोष्टी आईबापांच्या तोंडून निघत नाहीत आणि मग पोलीस ठाण्यात पहिल्यांदा कळतात. त्या इथे उघड लिहिते, वाटलं तर हा मजकूर नुसता पोराच्या उशाशी ठेवा.

प्रेमाचं आधी. सोळा-सतराव्या वर्षी कुणी आवडणं हा गुन्हा नाही आणि आजारही नाही. पण २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या व्यक्तीच्या संमतीला शरीरसंबंधात कायद्याने काही किंमत नाही. ‘तिची मर्जी होती’ हा बचाव चालत नाही. हे मुलाच्या बापाने मुलाला समोर बसवून सांगायला हवं. पारावरचे मित्र हे सांगणार नाहीत. मुलीशी बोलताना ‘कोण आहे तो’ इथून सुरू करू नका. ‘कशी आहेस’ इथून करा.

मोटारसायकल. मुलगा चौदाव्या वर्षी बुलेट पळवतो याचं कौतुक करणारे बाप पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पोलीस भरतीचं स्वप्न असलेल्या घरात हे जरूर वाचून दाखवा.

तिसरी गोष्ट नवी आहे. अठरा झाल्याझाल्या खातं उघडणाऱ्या पोरांना कुणीतरी भेटतं, “तुझं खातं आणि एटीएम दोन महिने दे, पाच हजार घे.” त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. सिमकार्डाचंही तसंच. पटकन कर्ज देणारी ॲपं तर फोनमधले सगळे नंबर घेतात आणि हप्ता चुकला की मामा-मावशांना घाणेरडे मेसेज पाठवतात. मुलगा फसला तर त्याने पहिल्यांदा तुमच्याकडे यावं, यासाठी आधी एक वाक्य सांगून ठेवा : “काहीही झालं तरी आधी मला सांग, मी ओरडेन, पण तुझ्याच बाजूने उभा राहीन.” ‘ओरडणार नाही’ असं खोटं कबूल करू नका, त्याचा विश्वास बसणार नाही.

कागदांची पिशवी

हे भराभर सांगते. पंधरा पूर्ण झाली की आधारचं बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, नाहीतर प्रवेश परीक्षेच्या तोंडावर बोटांचे ठसे जुळत नाहीत. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरन्‌अक्षर एक आहे का, ते दहावीचा फॉर्म भरण्याआधी बघा. एका वेलांटीपायी लोक वर्षं घालवतात. जातीचा दाखला असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावी विज्ञानाच्या वर्षातच कॉलेजमार्फत करा. उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर हे सेवा केंद्रातून निघतात, आणि जूनमध्ये तिथे जत्रा असते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये जा. मतदार नोंदणीचा अर्ज सतराव्या वर्षीच आगाऊ भरता येतो. अठरा झाल्यावर बँकेत नवी सही आणि केवायसी, पॅनकार्डावर फोटो आणि सही, आणि सातबाऱ्यावर नाव असेल तर तो शेरा.

एक आग्रह. ही पिशवी मुलाकडे द्या. मूळ कागदांची एक झेरॉक्स फाइल तुमच्याकडे ठेवा हवं तर, पण खिडकीपुढे त्याने उभं राहायचं, रांगेत त्याने थांबायचं, ‘उद्या या’ त्याने ऐकायचं. आपल्या राज्यात सज्ञान होणं म्हणजे काय, हे ‘उद्या या’ ऐकल्याशिवाय कुणाला कळलेलं नाही.

अर्धा एकर

सुरुवातीला ज्या आई-मुलाचं सांगितलं, तशीच एक जोडी माझ्या ओळखीची आहे. नावं देत नाही. शेरा निघून आल्यावर त्या बाईंनी मला विचारलं, “बाई, आता मी काय करू? कागदावर त्यो मालक झाला, पण अजून पाणीबी मीच देते.” मी म्हटलं, एखादा तुकडा त्याला मोकळा द्या, त्यात बोलू नका. त्यांनी विहिरीकडचा अर्धा एकर दिला. बोलायचं नाही, हे त्यांना फार जड गेलं.

पोराने मोबाइलवर बघून कोथिंबीर टाकली. ऐन काढणीच्या वेळी भाव गडगडले. काढणीची मजुरीही सुटेना, तेव्हा त्याने सगळी गुरांना घातली. दोन दिवस घरात धड बोलला नाही. आईने जेवायला वाढलं, कोथिंबिरीचा विषय काढला नाही. त्यांनी मला नंतर सांगितलं, की भाजीत कोथिंबीर घालतानासुद्धा त्यांनी हात आखडता घेतला होता.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, “माय, औंदा तिथं तूर टाकावी का? तुला काय वाटतं?”

त्या म्हणाल्या, “तुकडा तुझा हाय. पण बी घरचं नको, विकत आण.” आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या.